घरी बोलली जाणारी भाषा

१२ जानेवारी

ती. आत्यास मुंगीचा सा. न. वि. वि.

तू विणलेला स्वेटर पोचला. बाह्या इतक्या लांब आहेत की हातमोजे वेगळे घ्यायला नकोत. मी वाढत्या अंगाची राहिले नाही, हे तुझ्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बाईने तरी लक्षात ठेवावं. पण ऊब छान आहे. खोलीतली उंच मैत्रीण दोनदा मागून घालून गेली, तिला बरोबर होतो.

आता कामाचं. आमच्या इमारतीत मजल्यागणिक एक भाषा आहे आणि आम्ही भाषांना मजल्यांच्याच नावांनी ओळखतो. माझी मुख्य भाषा तिसरा मजला. पदवीसाठी शिवाय दुसरी एक परदेशी भाषा चार सत्रं घ्यावी लागते. मी तळमजला घेतला. जिने चढायचा कंटाळा, दुसरं काही नाही. ही नदीपलीकडची भाषा फारसं कुणी घेत नाही, उंच मैत्रीण धरून वर्गात आम्ही पाचजणी आहोत. तीन सत्रं झाली, तोंडी परीक्षा धरून हे शेवटचं.

काल कचेरीतल्या शिक्केवाल्यांनी एक अर्ज हातात दिला. नियम असा की दुसरी परदेशी भाषा खरोखर परकी हवी. घरी कुणी ती बोलत असेल तर तिचे गुण धरत नाहीत, चौथ्या मजल्यावर जाऊन नवी भाषा पहिल्यापासून शिकावी लागते. म्हणून घरी बोलली जाणारी भाषा कोणती ते लिहून त्यावर पालकांची सही हवी. ३१ मार्चच्या आत. जूनमध्ये पदवी हातात पडली तरच बंदराच्या कचेरीतली दुभाष्याची जागा मला मिळणार, हे तुला माहीतच आहे. तू फक्त सही कर आणि उलट टपाली पाठव.

एक गंमत सांगते, खरं तर गंमत म्हणवत नाही. तळमजल्याच्या वर्गात कधी कधी बाई शब्द शिकवायच्या आधीच तो माझ्या ओठांवर आलेला असतो. परवा पाळण्याचा शब्द असाच आला. पुस्तकात तो तीन धडे पुढे आहे. मी पान उलटून पाहिलं आणि अंगावर काटा आला. आजीला विचारशील का, मी लहानपणी कुणाकडे राहायला होते का? तिची तब्येत कशी आहे? तुझ्या पत्रात हल्ली तिच्याबद्दल एकच ओळ असते.

उत्तराची वाट बघतेय. माझ्यावर लोभ आहेच, तो सहीपुरता जरा वाढव.

तुझी
मुंगी


१९ जानेवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात आलं. इस्त्रीवालीने आणून दिलं आणि काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, स्वेटर आखूड झाला म्हणून तक्रार आहे. खोटं बोलायचं ते पटकन सुचलं.

आधी हे ऐक. त्या भाषेबद्दल फोनवर काही विचारू नकोस. फोन दुकानात आहे, आणि दुकानात दिवसभर माणसं असतात. पत्रातसुद्धा शक्यतो नको. अर्ज मी कपाटात ठेवलाय, घाई करू नकोस. आणि तू लहानपणी कुणाकडेही राहायला नव्हतीस. वहिनी गेल्यावर आणि दादाने जहाजावरची नोकरी धरल्यावर तू इथेच वाढलीस, मी मशीनवर आणि तू आजीच्या मांडीवर.

तळमजल्याऐवजी दुसरं काही घेता येत नाही का? येत नसेल तर माझं एक ऐकशील? परीक्षेत फार चांगलं बोलू नकोस. पास होण्यापुरतं बोल. बाकीच्या मुली जिथे अडखळतात तिथे तूही अडखळ. शहाणपण दाखवायला तिसरा मजला आहे ना तुझा.

आजीला डिसेंबरात झटका येऊन गेला. तुझ्या परीक्षा होत्या म्हणून कळवलं नाही, रागावू नकोस. उजवा हात हलत नाही. बोलणं स्पष्ट नाही. मी खिडक्या लावून घेते, तिला वारा सोसत नाही.

इस्पितळाच्या दोनशे झग्यांचं काम आलंय, प्रत्येकाला पाठीवर चार बंद. बोटं भरून आली आहेत म्हणून अक्षर असं. जपून राहा. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक, एवढं माझ्या मायेखातर कर.

आत्या


२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. रागाने चार वेळा वाचलं. आजीला झटका येतो आणि मला महिन्याने कळतं, तेही झग्यांच्या बातमीच्या आधी दोन ओळी. परीक्षा काय पुन्हा देता आली असती.

तरीही तुझं ऐकलं. सोमवारी तोंडी परीक्षेची तालीम होती. मी ठरवून चुकले. उंच मैत्रीण जिथे अडते तिथे अडले, जोराने बोलायचे शब्द मऊ केले. चष्मेवाल्या बाईंनी काही लिहून घेतलं नाही. सगळ्याजणी गेल्यावर मला थांबवलं आणि दार लावून घेतलं.

बाई म्हणाल्या, नवशिकी मुलगी वाटेल तिथे चुकते. मी मात्र दर वेळी बरोबर नेमक्या जागी चुकले. असं ज्याला ती जागा माहीत आहे त्यालाच जमतं. मग म्हणाल्या, माझी बोलायची ढब पुस्तकातली नाही, त्यांचीसुद्धा नाही. नदीच्या वरच्या अंगाला काही गावं होती, तिथली माणसं असं बोलायची. बाईंनी ती ढब एका जुन्या ध्वनिफितीवर ऐकली आहे, जिवंत माणसाच्या तोंडून कधीच नाही. त्या गावांचं काय झालं असं मी विचारलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि अर्ज वेळेवर दे एवढंच म्हणाल्या. वर हेही सांगितलं की खोटं लिहिलेलं पुढे कधीही उघड झालं तर पदवी परत घेतात.

आत्या, तू इतकी का घाबरलीस? सही करायला एक मिनिट लागतं. घरी कुणी बोलत नसेल तर भिण्यासारखं काय आहे? आणि वारा सोसत नाही म्हणतेस, पण आजी तर थंडीतही खिडकीशीच बसायची, मी ओरडायचे तिला. मला आता रात्रंदिवस एकच विचार येतो, की मी कोण आहे हे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे.

खरं काय ते लिही. नाही लिहिलंस तर मी पुढच्या गाडीने येऊन दारात उभी राहीन. लोभ असू दे, पण आता गप्प बसू नकोस.

मुंगी


११ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. लिहिते.

आई, म्हणजे तुझी आजी, त्या वरच्या गावांपैकी एकातली. मी आणि दादाही तिथलेच. मी पाच वर्षांची होते तेव्हा आम्ही नदीच्या अलीकडे, शहरातल्या एका इमारतीत राहायला आलो होतो. एक दिवस कचेरीची माणसं घरोघर अर्ज घेऊन आली. त्यात हाच रकाना होता, घरी बोलली जाणारी भाषा. शेजारच्या घरातल्या काकांनी खरं लिहिलं. समोरच्यांनीही. आईने या इथली भाषा लिहिली, जी तिला तेव्हा धड बोलताही येत नव्हती. आठवड्याने ट्रक आले. खरं लिहिलेल्यांना सामानासकट घेऊन गेले. ती माणसं परत आली नाहीत, मुंगी. त्यांची दारं उघडीच होती, आणि एका घरात दूध उतू जात होतं, त्याचा वास मला अजून येतो.

त्या दिवसापासून घरात ती भाषा बंद. आई आमच्याशी त्या भाषेत एक शब्द बोलली नाही. मी विसरले. सगळं पुसल्यासारखं गेलं. दादाने तर समुद्रच गाठला.

मग तू आलीस. दिवसभर आजीजवळ असायचीस. एकदा दोरा संपला म्हणून मी दुपारी दुकानातून वर आले तर आई पाळण्याशी वाकून तुझ्याशी त्या भाषेत बोलत होती. कितीतरी बोलत होती, हसत होती. तान्हं पोर कुणाला सांगणार, असं तिला वाटलं असावं. तुला बोल फुटेपर्यंत मी कानाडोळा केला. मग एक दिवस तिला सांगितलं की हे पोर शाळेत जाऊन बोललं तर काय करशील. तिने मान हलवली. त्यानंतर वीस वर्षं तिच्या तोंडून तो आवाज आला नाही. मीच तिला गप्प केलं.

आणि आता झटक्यानंतर तिला फक्त तेच बोलता येतं. इथली भाषा गेली. मी तोंडाकडे बघत बसते, काही कळत नाही. खिडक्या त्यासाठी लावते. डॉक्टर येतात तेव्हा तिचा आवाज बुडावा म्हणून घरातलं मशीन चालू ठेवते. जिन्यात कुणाची पावलं वाजली की ती डाव्या हाताने माझं मनगट धरते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते. पाणी मागते की कुठे दुखतंय, कळायला मार्ग नाही. ऐकू आलं तसं चिठ्ठीवर उतरवलंय, सोबत आहे. वाचून अर्थ कळव आणि चिठ्ठी जाळ.

अर्जही सोबत आहे. घरी फक्त इथलीच भाषा बोलतात असं लिहून सही केली आहे. तुझ्या प्रवेशाच्या अर्जावरही मीच तसं लिहिलं होतं. तुझं वर्ष जाऊ नये, तुझी जागा जाऊ नये. मला शपथेवर खोटं लिहायची सवय आहे, आईकडूनच आलेली. तू मनाला लावून घेऊ नकोस.

माया कमी करू नकोस. पोरी, मी भित्री आहे, पण तुझीच आहे.

आत्या


२० फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यात वाचायला सुरुवात केली आणि तिथेच पायरीवर बसले. उंच मैत्रीण पाणी घेऊन आली.

चिठ्ठीतले शब्द तू चांगले उतरवलेत. शब्दकोश लागला नाही. आजी पाणी मागत नाही आणि तिला कुठे दुखतही नाही. ती म्हणते, पोरी, तोंड उघडू नकोस, ते अजून जिन्यात आहेत.

म्हणजे तिच्या लेखी तू पाच वर्षांची आहेस आणि ती तुला वाचवते आहे. गेले दोन महिने रोज.

आता अर्जाचं. तू सही केलेला अर्ज माझ्या टेबलाच्या खणात होता. तीन दिवस मी खण उघडला नाही. मला ती जागा हवी आहे, आत्या, खोटं का सांगू. सगळे पेपर पास होऊन एका रकान्यासाठी वर्ष घालवायचं, चौथ्या मजल्यावर पुन्हा मुळाक्षरं गिरवायची, या विचाराने रडू येतं. आणि खोटं दिलं आणि बाईंनी तोंड उघडलं तर पदवीही जाईल, ही भीती वेगळीच. त्याहून मोठी भीती ही, की खरं लिहिलं तर कोण ते वाचेल. शिक्केवाल्यांना सहज विचारलं, हे अर्ज पुढे कुठे जातात? ते म्हणाले, फडताळात. तुझं पत्र वाचल्यापासून मला फडताळ या शब्दाचीही धास्ती वाटते.

शेवटी तुझा अर्ज परत पाठवतेय, सोबत एक कोरा. कुठला पाठवायचा ते तू ठरव. आई तुझी आहे. तू जो पाठवशील तो मी देईन आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाही.

वेगळ्या पाकिटात एक चिठ्ठी आहे. ते गेले, हे आजीच्या भाषेत कसं म्हणायचं ते तुझ्या लिपीत लिहिलंय. दोनच शब्द आहेत. जमलं तर तिला सांग. नाही जमलं तर मी सहा तारखेला येतेय, मी सांगेन.

लोभ कसला मागू, मीच तुझ्या ऋणात आहे.

मुंगी


२७ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा आई जागी होती. अर्थाची ओळ वाचली आणि मला नवल वाटलं नाही. तेच मला भयंकर वाटलं. मला ते वाक्य कळत होतं, मुंगी. पहिल्या दिवसापासून कळत होतं. नाही कळत असं मी स्वतःलाच बजावलं होतं, आणि ते खरं वाटायला लागलं होतं.

एवढ्यात इस्त्रीवाली झगे घेऊन जिना चढत होती. आईने मनगट धरलं आणि सुरू झाली. मी मशीन लावायला उठणार होते. उठले नाही. तुझं पाकीट फोडायची गरजच पडली नाही. ते दोन शब्द माझ्या तोंडून आपोआप आले, पाच वर्षांच्या मुलीच्या आवाजात, मला माझीच लाज वाटली. आईने माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, सगळे? तेही मला कळलं. मी म्हटलं, सगळे. हे खरं आहे की नाही मला माहीत नाही. इस्त्रीवाली दारात उभी होती. तिने ऐकलं. झगे ठेवले आणि निघून गेली. तेव्हापासून जिन्यात वाजलं की आता मी दचकते, आई नाही. तिने माझं मनगट सोडलंय.

खिडकी उघडली आहे. बोटभरच, पण उघडली आहे.

अर्ज सोबत आहे, कोरा होता तो. घरी बोलली जाणारी भाषा या रकान्यात मी आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलंय. अक्षर वाकडं आलंय, झग्यांमुळे नाही. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं हे मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस, हक्काने भांड. पण हे टपालपेटीत टाकायच्या आधी तुला एवढंच विचारायचं आहे. ते फडताळ कुठल्या मजल्यावर आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, हे तुला नक्की माहीत आहे ना?

नसलं तरी मी आता टाकतेच. सहाला ये. आजी तुझ्याशी बोलायला थांबली आहे.

तुझी
आत्या