मानसिंगची गोळी

सोलापूर
ता. १५ जुलै २०२५

चि. सौ. अंकिता हीस बजाआत्याचे अ. आ.

पत्र बार्शी गाडीच्या ड्रायव्हरकडं देतेय. फोनवर मला धड ऐकू येत न्हाय, आणि मी वरडून बोलले की तुझा बाप शेजारी बसून सगळं ऐकतो. त्यापरीस हे बरं. चौथीपतुरचं अक्षर हाय, लावून घे.

मानसिंग बरा हाय. तुझी आई गेल्यावर हितं आला तवा नुसता बसून असायचा, आता सकाळी गुरुसिद्धप्पाच्या दुकानात जातो आणि एसटीच्या वर्कशॉपातल्या त्याच त्या गोष्टी सांगतो. गुरुसिद्धप्पा म्हणतो की आता मीच गाडीचं इंजिन उतरवीन. डोकं ताळ्यावर ठेवायची ती लिथियमची गोळी माझ्या देखत घेतो. अठ्ठावीस वर्सं तुझ्या आईनं ती चुकू दिली न्हाय, मी पण देणार न्हाय. त्या गोळीच्या आधीचा मानसिंग तू लहान होतीस म्हणून तुला आठवत न्हाय. म्हयनाभर झोपायचा न्हाय, मग दोन म्हयने उठायचा न्हाय.

आखाडी एकादशीपास्नं मी चार म्हयने मीठ सोडते, दरवर्षीचं हाय. दोगांच्या दोन भाज्या कोण करत बसणार? तो पण अळणीच खातो. पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, मग म्हणाला की अक्का, तुझ्या हातची चव आधीपास्नं अशीच हाय. मेला.

हात जरा कापतो त्याचा, कप बशीवर वाजतो. वय झालं, दुसरं काय. सिद्धनाथरावांना नमस्कार, अजिंक्यला मुका.

विसरू नको म्हणजे झालं.
तुझी आत्या, बजाबाई

◆

बार्शी
२१ जुलै २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ड्रायव्हरकाकांनी शाळेत आणून दिलं. सगळ्या मास्तरीणबाई विचारत होत्या, हल्ली पत्र कोण लिहितं म्हणून. मी म्हटलं, फोनवर भांडता येत नाही अशी माझी एक आत्या आहे.

आबांनी मीठ सोडलं हे फार छान झालं. त्यांचं बीपी जास्त असतं, डॉक्टर केव्हापासून मीठ कमी करा म्हणत होते. आईला जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत.

पण हात कापतो ते डॉक्टरांना सांगा. गोळी रक्तात किती आहे त्याची तपासणी आई दर सहा महिन्यांनी करून घ्यायची. ती राहिली आहे. एवढी करून घ्याच. सिद्धनाथांचा तुम्हाला नमस्कार.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची अंकिता

◆

सोलापूर
ता. ४ ऑगस्ट

चि. सौ. अंकितास अ. आ.

रक्त तपासायला नेलं न्हाय. चालत्याफिरत्या माणसाचं रक्त कशाला काढायचं, म्हणून राहिलं. आता नेते. तीन-चार दिवस झाले, जुलाब होत्यात, पोटात काय ठरत न्हाय. सुंठ दिली, भाताची पेज दिली. काल दुकानातनं येताना भिताडाला धरून धरून आला, बोलणं जड. गुरुसिद्धप्पानं विचारलं की मानसिंगराव, ह्या वयात चालू केली व्हय? लोक हसले, तो पण हसला. मला हसू आलं न्हाय. ह्यानं जन्मात दारूला हात लावला न्हाय.

गोळी मात्र चुकवली न्हाय, उलटीतनं पडली तर परत दिली. सकाळी प्रभूची रिक्षा सांगितलीय, दवाखान्यात नेते. घाबरून पळत येऊ नको. लागलं तर प्रभूला फोन करायला लावीन.

तुझी आत्या

◆

बार्शी
२५ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

घरी पोचले. पोरगं मला बिलगून झोपलंय आणि माझ्या डोळ्यांपुढून दवाखान्यातलं ते डायलिसिसचं मशीन जात नाही. आबांचं रक्त त्यातून फिरत होतं आणि ते मला ओळखत नव्हते.

त्या दिवशी डॉक्टर सांगत होते ते तुम्हाला ऐकू आलं नसेल, म्हणून लिहिते. ही गोळी लघवीतून बाहेर जाते. अंगातलं मीठ कमी झालं की शरीर ती बाहेर सोडत नाही, साठवून ठेवतं. मग तिचंच विष होतं. म्हातारपणी किडनी आधीच मंद असते, आबांची तर इतक्या वर्षांच्या गोळीनं अर्धी झालेली होती. आता ती गोळी बंद म्हणजे बंद. नवीन दिली आहे ती द्या.

तुम्ही स्वतःलाच दोष देत असाल म्हणून हेही लिहिते. मीठ तुम्ही सोडलंत, पण शाबासकी मी दिली होती.

तुमची अंकिता

◆

सोलापूर
ता. १२ सप्टेंबर

चि. सौ. अंकितास अ. आ.

कुणी काय सोडलं नि कुणी काय दिलं ते राहू दे. अठ्ठावीस वर्सांत एका डॉक्टरनं मिठाचं सांगितलं असतं तर दोन भाज्या केल्या असत्या.

नवी गोळी काय कामाची न्हाय. मानसिंग झोपत न्हाय. आधी पंखा खोलला, मग माझं शिलाई मशीन. परवा प्रभूची रिक्षा चौकात खोलून बसला, सगळे नट चादरीवर ओळीनं मांडले. म्हणतो, गावाचीच सर्विसिंग राहिलीय. लोक फोटो काढत होते आणि हा त्यांना पाने धरायला लावत होता. प्रभूचा धंदा बुडाला, तरी बिचारा मलाच म्हणाला की मावशी, तुमी बसा.

काल उजाडताना माझ्यापाशी आला आणि हात जोडले. म्हणाला, अक्का, मी चढलोय, मला कळतंय. थोड्या दिवसांनी कळणार न्हाय. जुनी गोळी दे, किडनी जाऊ दे. दोन वर्सं माणसासारखी मिळाली तर बास हायत.

ह्यानं कुणापुढं हात जोडलेले मी बघितले न्हवते. तू डॉक्टरला विचार. माझ्याशी त्ये हळू बोलत्यात.

तुझी आत्या

◆

बार्शी
६ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न.

विचारलं. आधी साफ नाही म्हणाले. मी रडले असेन बहुतेक, मग त्यांनी किडनीच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. अगदी थोडी गोळी देता येईल, रक्त सारखं तपासावं लागेल, आणि तरी पुढेमागे ते मशीन कायमचं लागेल. एवढं समजून आबा स्वतः हो म्हणाले तरच. दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. मला रजा नाही, तुम्हीच न्या.

मी नको म्हणणार नाही. आबांनाच ठरवू द्या.

तुमची अंकिता

◆

सोलापूर
ता. १० नोव्हेंबर

चि. सौ. अंकितास अ. आ.

नेऊन आणलं. तुला कळवलं न्हवतं, दसऱ्याच्या सुमाराला त्याचं चढलेलं उतरलं ते थेट खाली गेला. भिंतीकडं तोंड करून पडून असतो. अंगोळ मी घालते.

डॉक्टर भला माणूस. कागदावर किडनी काढून दाखवली, माझ्यासाठी मोठ्यानं बोलला. मग मानसिंगला विचारलं की गोळी पायजे का. मानसिंग म्हणाला, अक्का म्हणेल ते.

डॉक्टर म्हणाले, तुमी सांगा. परत तेच. तिसऱ्यांदा विचारलं तवा माझ्या चपलंकडं बघत बसला. मी म्हणलं, सायेब, ह्यानं माझ्या देखत हात जोडून मागितलीय. ते म्हणाले, तवाचं चालत न्हाय, आज पायजे. आणि कागद ठेवून दिला. पुढची तारीख दिलीय. रिक्षात मी त्याला आठवण करून दिली. त्यानं विचारलं, कुणी मागितली?

लग्न माझ्या मनाविरुद्ध केलं ह्यानं, शेत सोडून वर्कशॉपात गेला ते मला न इचारता. सत्तरीला आला, माझं एक ऐकलं न्हाय. आता बस म्हणलं की बसतो, गिळ म्हणलं की गिळतो. असा ऐकणारा भाऊ मला नको होता ग.

येतीस तर ये. तो बोलंल म्हणून येऊ नको.

तुझी आत्या