दोन देशांना एकच कागद

राजूर, सोमवार, ८ मे १९७२

छपरावरच्या यंत्रातला हवा गाळणारा कागद आज पुन्हा काळा निघाला. दर सोमवारी तो काढून मधोमध कापायचा; अर्धा अमेरिकेला, अर्धा रशियाला. हवेतल्या धुळीच्या एकमेकांच्या मोजणीवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून हा उपद्व्याप. गेल्या उन्हाळ्यातल्या काळ्या कागदांबद्दल आज दोघांचीही पत्रं आली. दोन्हींत एकच प्रश्न: जवळ कारखाना कुठला?

कारखाना! शेजारचे कोंडाजीबाबा भाताच्या रोपांसाठी शेण-पालापाचोळा पसरून राब भाजतात, एवढंच. आमच्या पुण्याच्या हवामान कचेरीनं सोबत लिहिलंय, धूर थांबवा.

सांगायला गेलो. राब पेटलेलाच होता. बाबांनी पत्रांची हकीकत ऐकून घेतली.

"त्या दोघांचं वाकडं हाय ना?"

"हो."

"मंग माझ्या धुरावर बरं जमलं त्यांचं!"

मला हसू का आलं नाही? तेवढ्यात वारा फिरला, आग बांधाकडं सरकली, आणि मीही ओल्या फांदीनं ती झोडपू लागलो. धूर थांबवायचं सांगणं राहूनच गेलं. की मीच राहू दिलं?

कचेरीला मात्र कळवून टाकलं, समज दिली म्हणून. पुढच्या सोमवारी कागद खरं सांगेल. दोन्ही देशांना.