आईचं मत

कोल्ड क्रीक,
रविवार, ९ ऑक्टोबर २०२२

प्रिय थॅड,

तुझी बोट कुठल्या धक्क्याला लागली आहे कोण जाणे, पण तू बरा आहेस असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. कंपनीच्या ऑफिसात दिलेलं टपाल बोटीवर पोचतं, असं आई म्हणते. इथे सगळं ठीक आहे. रताळी निघायला लागली. चर्चच्या छपराला नवे पत्रे बसले. आई मजेत आहे, जरा दमते, इतकंच.

या पाकिटाबरोबर किंवा त्याच्या थोडं पुढेमागे तुला आणखी एक जाड पाकीट मिळेल. ती तुझी मतपत्रिका. मी नाही, आईने मागवली. बाहेरगावी असलेल्या मुलासाठी आईला तसा अर्ज करता येतो आणि तुझं नाव अजून याच घराच्या पत्त्यावर आहे. दोन सज्ञान माणसांच्या देखत ती भर. त्यांनी फक्त तू भरतो आहेस एवढं बघायचं, कुणाला मत देतोस ते नाही. मग पाकिटावर तुझी सही, त्यांच्या सह्या, त्यांची नावं आणि पत्ते. बोटीवर दोन खलाशी तरी शुद्धीवर असतीलच.

सगळ्यात खालचा प्रश्न वाचल्याशिवाय पाकीट बंद करू नकोस. नदीच्या अलीकडे ॲम्ब्युलन्सचं ठाणं करायचं की नाही, त्यासाठी घरपट्टी वाढवायची की नाही, हे विचारलं आहे. बाबा व्हरांड्यात छाती धरून बसले होते आणि ॲम्ब्युलन्स पलीकडच्या शहरातून पूल ओलांडून येत होती, त्याचीच ही गोष्ट. त्यांच्या शवपेटीशेजारी उभी राहून मी याच ठाण्याबद्दल बोलले आणि चर्चच्या पायरीवर तू मला म्हणालास, "नेटा, बापाला पुरतानाही तुला गर्दी लागते." त्याला चार वर्षं झाली. ते भाषण मी आजही करीन, थॅड. त्या दिवशी त्या चर्चमध्ये चारशे माणसं होती आणि त्यातल्या प्रत्येकाचा बाप त्याच पुलाच्या या बाजूला राहत होता.

असो. भांडायला नाही लिहीत.

आईला या वेळी टपालानेच मत द्यायला लावलं. सोपं गेलं नाही. तुला माहीतच आहे, मतदान म्हणजे तिच्या लेखी मंगळवार, फायर स्टेशन, निळी हॅट, हातमोजे आणि रांगेत पहिला नंबर. मी म्हटलं, "आई, आता तशी गरज नाही. घरबसल्या होतं."

"टपालाने मत? म्हणजे चपला चर्चला पाठवायच्या आणि आपण घरी झोपायचं!"

"लाखो लोक देतात."

"लाखो लोक पत्र्याच्या डब्यातली कोलार्डची पालेभाजीसुद्धा खातात."

शेवटी मदर पर्डींना आणि त्यांच्या शेजारणीला, लूवेनियाला, साक्षीला बोलावलं. मदर पर्डींचा रुबाब तू विसरला नसशील. चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायकांत त्या पहिल्या बाकावरच्या, मदर म्हटल्याशिवाय ओ देत नाहीत. दोघी जणी रविवारचे कपडे घालून बुधवारी आल्या आणि न्यायाधीशासारख्या पलंगाशेजारी बसल्या. हो, पलंग आता पुढच्या खोलीत आणला आहे. वरखाली होणारा. जिना चढायला नको म्हणून. एक नर्सही येऊन जाते. चांगली मुलगी आहे, गाते.

आईने एकेक गोल इतका सावकाश भरला की लूवेनियाला डुलकी लागली. पाकीट मी स्वतः कार्यालयात नेऊन दिलं.

तू तुझं पाठव. लवकर पाठव. आणि कधी जमलं तर आईला फोन कर. मला नको. तिला.

तुझी बहीण,
व्हर्नेटा

कोल्ड क्रीक,
मंगळवार, २५ ऑक्टोबर २०२२

थॅड,

आईचं पाकीट परत आलं.

कारण ऐक, आणि हसू आलं तर हस, माझं रडून झालं आहे. निवडणूक कार्यालयातून फोन आला की साक्षीदारांची माहिती ग्राह्य धरता येत नाही. मी तावातावाने गेले. मनात सबंध भाषण तयार होतं. मत देऊ देण्याआधी आजोबांना संविधानाचं कलम वाचून त्याचा अर्थ सांगायला लावलं होतं, तिथपासून सुरुवात करणार होते. काउंटरवरच्या बाईने पाकीट माझ्यासमोर ठेवलं. साक्षीदार एक, नाव: मदर पर्डी. पत्ता: चर्चच्या मागे, पिवळं घर. साक्षीदार दोन, नाव: सिस्टर लूवेनिया. पत्ता: तिच्या शेजारी.

मी पाकीट पर्समध्ये टाकलं.

मदर पर्डींना जाऊन विचारलं, "तुमचं खरं नाव का नाही लिहिलंत?"

"हेच खरं आहे. दुसरं मी माझ्या आईबरोबर पुरलं."

"आणि पत्ता?"

"पोरी, या गावात ज्याला माझं घर सापडत नाही असा एक माणूस दाखव. पोस्टमनला सापडतं, चोराला सापडतं, तुला तर जेवायच्या वेळेला बरोब्बर सापडतं. सरकारलाच तेवढं सापडत नाही?"

चूक माझी. वर्षानुवर्षं मी कारखान्याच्या गेटवर, चर्चच्या तळघरात, न्हाव्याच्या दुकानात उभी राहून लोकांना सांगत आले की पाकिटाची प्रत्येक ओळ बघा. आणि माझ्याच घरातलं पाकीट मी न बघता नेऊन दिलं. का नाही बघितलं? कारण त्या दिवशी आईचा हात पाकिटावर सही करताना थरथरत होता आणि मी तिकडे बघत होते. पाकिटाकडे नाही.

आता लिहितेच. वरखाली होणारा पलंग जिन्यासाठी नाही. नर्स गाणं म्हणायला येत नाही. आईच्या स्वादुपिंडात गाठ आहे, पसरली आहे, आणि ऑगस्टपासून आम्ही औषध बंद केलं आहे, फक्त दुखणं थांबवायचं तेवढं चालू. तुला सांगायचं नाही, अशी तिने शपथ घातली. म्हणाली, "त्याला दयेने आणू नकोस. यायचा तेव्हा येईल." मी शपथ पाळली. आज मोडते आहे. मला तिचा राग चालेल.

पहिलं मत बाद झाल्यावर नवी मतपत्रिका टपालाने मागवता आली असती, पण टपालावर माझा भरवसा उरला नव्हता. शिवाय गुरुवारपासून शहरात लवकरचं मतदान सुरू झालंय. मंगळवारची वाट न बघता कुणीही जाऊन मत देऊ शकतं, आणि ज्याला उतरता येत नाही त्याला गाडीतच मतपत्रिका आणून देतात. आईला सांगितलं. तिने डोळे मिटून विचारलं, "हॅट घालता येईल?"

काल गेलो. नर्स मागे बसली, उशा लावून आई पुढे, हॅटची कड छताला घासत होती. मी मतदान केंद्राबाहेरची घंटा वाजवली. दोन माणसं बाहेर आली, हातात लाकडी फळी, तिच्यावर मतपत्रिका. आईला शपथपत्रावर सही करायची होती. त्यातला एक पोरगेला होता, तो वाकून म्हणाला, "घाई नाही, मिसेस स्पेट."

"मला आहे," आई म्हणाली.

तिने मत दिलं. घराशी आल्यावर म्हणाली, "सगळा जन्म मी त्यांच्या दारात उभी राहिले. आज ते माझ्या दारात आले. तुझ्या बाबांना सांगायला हवं." मग म्हणाली, "पण रांग नव्हती. मजा नाही."

आता मला झोप न येऊ देणारी गोष्ट. आपल्या राज्यात लवकर दिलेलं मतही टपाली मतासारखंच धरतात. त्याच्यावर क्रमांक असतो आणि हरकत निघाली तर ते मोजणीतून बाहेर काढता येतं. मतदार मंगळवारी, आठ तारखेला, हयात असावा लागतो. नसला तर मत जातं. मी हे आईला सांगितलं नाही. तिला माहीत होतं. तिला सगळं माहीत असतं. काल रात्री तिने चार घास खाल्ले, कित्येक दिवसांत पहिल्यांदा, आणि म्हणाली, "मंगळवारपर्यंत मी कुठे जात नाही. मला काम आहे."

तू ये, थॅड. मी गर्दीसमोर काहीही बोलू शकते. हे एक वाक्य लिहायला मला दोन पत्रं लागली. ये.

नेटा

कोल्ड क्रीक,
मंगळवार, ८ नोव्हेंबर २०२२, सकाळ

थॅड,

कंपनीने कळवलं की तुला काल संध्याकाळी बोटीवरून उतरवलं आणि आज तू घरी पोचशील. आई गेल्याचं त्यांनी तुला सांगितलं आहे. मी दिवसभर मतदारांना ने-आण करणार, म्हणून हे पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवते आहे. तू आलास की मदर पर्डी रस्ता ओलांडून येतील आणि मी काय केलं ते सांगतील. त्याआधी माझ्याकडून ऐक.

काल दुपारी आई गेली. त्रास झाला नाही. तुझं पोस्टकार्ड उशीखाली होतं. "आई, मत टाकलं. निघायचं बघतो," एवढंच लिहिलं होतंस. ते तिने नर्सकडून इतक्या वेळा वाचून घेतलं की नर्सला पाठ झालं. माझं नाव त्यात नव्हतं, मी बघितलं. काल सकाळी तिने वार विचारला. मी सोमवार म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं, चीड होती. बस थोडक्यात चुकल्यावर येते तशी.

मदर पर्डी आणि लूवेनिया आल्या, तिला पुसलं, केस विंचरले. मग मदर पर्डींनी दार लोटून घेतलं.

"दफनवाला माझ्या बहिणीचा मुलगा आहे. तो उद्या सकाळी येईल. नर्सही उद्याच येईल, मी बोलते तिच्याशी. तुझी आई, यूला, उद्या पहाटे गेली. कळलं?"

मी आईच्या अंगावरची चादर सारखी केली.

"पोरी, कळलं का? एका रात्रीचा प्रश्न आहे. देवाचं कॅलेंडर इतकं बारीक नसतं."

"मदर पर्डी, ती आज गेली."

"तिने मत दिलं तेव्हा जिवंत होती का मेलेली?"

"जिवंत."

"मग खोटं काय आहे त्यात?"

त्यांचंही खरं आहे, थॅड. जिवंत बाईने जिवंत हाताने मत दिलं. नियम चुकीचा आहे. तो बदलावा म्हणून मी उद्यापासून गावोगाव ओरडत फिरेन. पण काल तो नियम होता आणि मला तो माहीत होता. आपल्या मतांवर हरकती घेणारे ते मिस्टर गॅस्किन वर्षभर चर्चच्या समोर गाडी लावून बसतात आणि म्हणतात की नदीच्या अलीकडे मेलेले लोक मत देतात. आपल्या काळ्या माणसांची मतं मतदान-कराच्या पावतीवरून फेकली, कलमाच्या अर्थावरून फेकली, आडनावाच्या एका अक्षरावरून फेकली. ते खोटं वागले. आपण नाही वागलो. बाबांनी मला शेत ठेवलं नाही, पैसा ठेवला नाही, एवढी एकच गोष्ट ठेवली. ती मी एका रात्रीत, आईच्या उशाशी बसून, खर्च करू?

मी गाडीची किल्ली घेतली.

मदर पर्डी दारात आडव्या आल्या. "कुठे?"

"कार्यालय पाचला बंद होतं."

"अजून तिचं अंग गार नाही झालं. तुला आईपेक्षा तुझं भाषण मोठं आहे, व्हर्नेटा स्पेट. तुझा भाऊ खरं बोलला होता."

मी त्यांच्या शेजारून निघून गेले.

काउंटरवर तीच बाई होती. आई आज दुपारी गेली, असं मी सांगितलं. तिने चष्मा काढला. म्हणाली, "मॅडम, मृत्यूची नोंद आमच्याकडे आपोआप येते. कधीकधी खूप उशिरा येते. तुम्हाला आज यायलाच हवं होतं असं नाही."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला नक्की..."

"तिचं नाव यूला मे स्पेट. गाडीतून मत दिलं होतं. निळी हॅट. तुमच्यातल्या कुणालातरी आठवत असेल."

तिने माझ्याकडून लिहून घेतलं. सही करताना माझा हात थरथरला नाही. त्याचंच मला भय वाटतं आहे. तिचा हात थरथरला होता आणि तरी तिने गोलाबाहेर शाई जाऊ दिली नाही. माझा स्थिर होता आणि मी ती शाई पुसून आले. रात्रभर तिच्या रिकाम्या पलंगाशी बसून मी एकच विचारत राहिले: ती हो म्हणाली असती का? कधी वाटतं, तिने मला कडेवर घेऊन रांगेत उभं राहायला शिकवलं, ती म्हणाली असती, बरोबर केलंस. कधी वाटतं, तिने इतके दिवस दात आवळून जो जीव धरून ठेवला, तो कशासाठी होता हे मला ठाऊक असून मी तिला हरवलं. दोन्हीही खरं वाटतं. एका श्वासात.

हे मी चर्चमध्ये कुणाला विचारू शकत नाही. ते एकतर टाळ्या वाजवतील, नाहीतर पाठ फिरवतील. मला तोंडावर सांगणारा एकच माणूस उरला आहे.

आत्ताच दारावर काठी वाजली. मदर पर्डी. कोट, पर्स, चेहरा दगडाचा. त्या टपालाला मानत नाहीत, लवकरच्या मतदानालाही नाही. म्हणाल्या, "फायर स्टेशनपर्यंत सोड. बोलू नकोस माझ्याशी."

सोडते. दिवसभर सोडणार आहे, पूल ओलांडून, चिखलातून, ज्याला ज्याला यायचं आहे त्याला. ठाणं होईल की नाही मला माहीत नाही. मोजणीत एक कमी असेल, एवढं माहीत आहे.

आलास की झोपू नकोस. माझी वाट बघ. मी चूक केली असं वाटलं तर माझ्यासमोर उभा राहून म्हण, मी खाली मान घालून ऐकून घेईन. आणि मग तुला सांगेन की मी परत तेच करीन. त्यानंतर मात्र मला एकटी सोडून जाऊ नकोस.

जिने आईचं मत परत देऊन टाकलं ती,
तुझी बहीण,
नेटा