तिसऱ्या सिलिंडरचा आकडा

१ फेब्रु., रवि.
धाकट्या बहिणीला, सुनंदाला, घेऊन रोह्याला, दत्ताची व्हॅन बघायला. धाटावच्या कारखान्यातलं काम सुटल्यापासून तिने एकच धरलंय: जूनपासून गडब ते पेण शाळेची मुलं ने-आण करायची. दत्ता माझा शाळासोबती, तो गाडी विकतोय म्हणजे घरचीच. सलीम मिस्त्री पेणहून माझ्या शब्दाखातर आला. गाडी बरेच दिवस उभी, बॅटरी मेलेली. सलीमने स्वतःची जोडली.
दत्ता म्हणाला, "आधी टेस्ट, मग पोहे."
प्लग काढून कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं, गेज लावलं. सुनंदाने आत बसून किल्ली फिरवली, ॲक्सिलरेटर दाबून धरला. चार सिलिंडर, पौंडात: २१०, २०५, २१५, २१०. दत्ता खूश. "नव्या गाडीला पण एवढं नसतं!" मग गाडी चालू केली तर निळा धूर. यत्र धूमस्तत्र वह्निः एवढं येतं. रंगाविषयी शास्त्र मौन. "उभी होती ना," दत्ता म्हणाला. पोहे उत्तम.

२ फेब्रु., सोम.
खड्ड्यांची बातमी पाठवून (यंदाची कितवी कोण जाणे) कॉम्प्रेशनचा अभ्यास. या गाडीचं गुणोत्तर नऊला एक. मी शहाणा, हवेचा दाब पावणेपंधरा पौंड, त्याला नवाने गुणलं. चूक. नऊ पट होते ती जागेची कोंडी. कोंडलेली हवा तापते, म्हणून दाब त्याहून चढतो. बरं, चढला. तरी गाडीच्या पुस्तकात निरोगी इंजिनाला पावणेदोनशेच्या आसपास दिलंय. मग दोनशे पंधरा कुठून?
एक तर आत काजळीचा थर. नाहीतर सिलिंडरमध्ये तेल; निळा धूर तेलाचाच असतो. तेल फटी बुजवतं, जागाही खातं. झिजलेलं इंजिन तेवढ्यापुरतं पैलवान.
पुढचं लिहवत नाही. बाबा गेले तेव्हा दोन रात्री हाच दत्ता आमच्या ओटीवर बसून होता.

४ फेब्रु., बुध.
सलीमला गाठलं. "मला पण खटकलं व्हतं, सर. गाडी गरम करून परत लावायला पायजे व्हतं."
"मग बोलला का नाहीस?"
"तुमचे दोस्त ना. अन् वहिनी पोहे घेऊन उभ्या."
म्हणजे तिघांनी मिळून पोह्यांना मान दिला. बातमी असती तर दोनदा विचारलं असतं मी.
सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "दादा, यात वीस पोरं बसणार नायत, आठच बसतील. पण ती लोकांची."

६ फेब्रु., शुक्र.
दत्ताला फोन. तीन वाक्यं पाठ करून ठेवली होती, एकही आठवलं नाही. "गाडी फिरवून, तापवून परत एकदा बघूया म्हणतोय सलीम." सलीमच्या नावावर ढकललं. शूर!
पलीकडून, "ये की. गाडी काय पळून जात नाय."

८ फेब्रु., रवि.
निडीपर्यंत जाऊन आलो. मी, सुनंदा, सलीम. दत्ता आला नाही, "तुम्हीच बघा." जाताना धूर, येताना नाही. गरम इंजिनावर गेज. १७०, १६८, तिसऱ्यात ११८, चौथ्यात १६५. सलीमने तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून परत घेतलं: सुई दीडशेपार. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात. व्हॉल्व्ह गेला असता तर तेलानं सुई वर आली नसती."
दत्ता दारातून, "तेल मीच टाकलं व्हतं. दिवाळीला. गंज धरू नये म्हणून."
सुनंदा: "मग त्या दिवशी सांगितलं का नाय, दत्तादादा?"
"विचारलं कोणी? बघत काय व्हतात, पोहे?"
खरंच कोणी विचारलं नव्हतं. उभ्या गाडीत तेल टाकतात, हेही खरं.
परतताना सलीमला म्हटलं, दिवाळीचं तेल पहिल्या टेस्टपर्यंत राहील? "रहात नाय, सर. खाली उतरतं." नागोठणं गेल्यावर स्वतःच, "राहतं पण कधी कधी."

९ फेब्रु., सोम.
सकाळीच दत्ताचा फोन. इंजिन उघडून रिंगा स्वतःच्या खर्चाने घालून देतो, मेअखेर गाडी तयार, मगच घ्या. आवाज नेहमीचा. की मीच नेहमीचा ऐकला.
सुनंदा दुपारी इकडे आली. शाळेच्या बाईंना उद्या सांगायचंय, नाहीतर शाळा हे काम पेणच्याच दुसऱ्याला देणार.
"इंजिनाचं सलीम बघेल. पण त्याच्याकडनं घ्यायची काय, ते तू सांग. माणूस तुझा हाय."
म्हटलं, विचार करतो.
"एवढं संस्कृत शिकलास, अन् हो-नाय येत नाय?"
जेवल्यावर सांगतो म्हटलं. जेवून झालंय. ती ताटं उचलतेय, सावकाश.