शेकलेली खंजेरी

रविवार, मोताळा

आज भजन स्पर्धेत परीक्षक म्हणून पहिल्यांदा अडून बसलो, अन् जिंकलो. मैदानात गारठा होता. नाव पुकारलं तरी महिला मंडळाच्या शांताबाई कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून खंजेरी शेकत बसल्या. सोबतचे दोन्ही परीक्षक म्हणाले, "उशीर केला, मार्क कापा."

मी म्हटलं, "गारठ्यानं कातडं सैल पडते. शेकल्याबिगर वाजन कशी? पहिले आयका, मंग कापा."

मग ती खंजेरी अशी कडकडीत वाजली की सारं मैदान टाळ्यांनी ताल धरू लागलं. दोघांनीही पहिला नंबर लिहिला.

इतकी वर्षं मी काऊन गप्प बसलो?

घरी येऊन खुंटीवरची माझी खंजेरी काढली. पार सैल. गॅसवर शेकायला धरली.

बायको म्हणे, "मले कुकर लावाचा हाय."

म्हटलं, "थांबू दे कुकर."