दुसऱ्या मापाचा साचा

ड्वेन,

मी लुईसटाउनला बहिणीकडे जातेय. एल्क हरणाच्या मटणाचा रस्सा शेगडीवर आहे. कुत्र्याला त्यातलं हाड घालू नकोस, मागच्या वेळी घशात अडकलं होतं.

रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरायचा तुझा नवा प्रेस दुपारी आला. खोका मीच उघडला. हिवाळाभर तू माझं डोकं खाल्लंस, की साधा एका साच्याचा प्रेस नको, फिरत्या चकतीचा हवा, म्हणजे काडतुसाचं माप बदललं तरी साचे काढा-घालायची कटकट नाही. मी तेव्हाच विचारलं होतं, "घरात बंदूक एकच, मग माप बदलणार कशाला?" तू हसून विषय टाळलास.

आज खोक्यात दोन मापांचे साचे निघाले. एक आपल्या बंदुकीचा. दुसऱ्या मापाची बंदूक या खोऱ्यात फक्त मर्नाकडे आहे, नवरा गेल्यावर तिच्याकडे राहिलेली. तिचं कुंपण दुरुस्त करायला तू सारखा जातोस. काल मी तिथून आले, कुंपण अजून आडवंच आहे.

दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत कधी घालू नये, जिवाशी खेळ असतो, हे तूच गावभर सांगत फिरतोस. सख्ख्या भावाने तू भरलेली काडतुसं मागितली, तर त्यालाही दिली नाहीस. मग मर्नाचा तुझ्यावर एवढा विश्वास बसला कधी?

उत्तर सुचलं तर फोन कर. प्रेस टेबलाला बसवायची घाई नको. त्याचा ओढायचा दांडा माझ्या गाडीत आहे.

लोरेटा