एकवीस दिवसांचं पाणी

४ मे
वरची खोली रिकामी केली. पुस्तकांची चार खोकी उरली, ती गॅलरीत. हिशेब असा: तीन माणसं (आई, बायको, मी), एकवीस दिवस, खाली न उतरता.
आईला शब्द दिलाय. या वेळी पूर आला तर बोटीत घालून नेणार नाही. चातुर्मासात गावची वेस ओलांडायची नाही हा तिचा नियम. मागच्या वेळी चौघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. छावणीत दोन दिवस तिनं पाणी घेतलं नाही. मग सलाइन. डॉक्टर म्हणाले, या वयात किडनी पुन्हा हे सोसणार नाही. तिला मात्र टोचत राहिलं ते वेशीबाहेर गेल्याचं.
तेव्हा घरच असं करायचं की न्यावं लागू नये.

९ मे
सांगलीहून सामान आणलं. निळे कॅन दहा, सौर दिवे, शेगडी, हवाबंद डबे. टेम्पोतून उतरवताना शेजारचे सुभेदार फाटकाशी उभे. फौजेतून येऊन वीस वर्षं झाली, उभं राहणं अजून तसंच. "सर, चीनवर चाललाय व्हय?" मग स्वतःच दोन कॅन घेऊन जिना चढले. वर गेल्यावर म्हणाले, भरलेले कॅन खोलीच्या मधोमध नकोत, खाली भिंत आहे तिथं ठेवा. बरोबर होतं.

११ मे
चूक. मोठी.
तीस किलो पीठ दळून आणलं, डब्यांत भरलं, डब्यांवर तारखा. आई एकेक पायरी घेत वर आली. प्रत्येक डब्याला हात लावून पाहिलं.
"हे कोण खाणार?"
पिठाची मुदत मला पाठ आहे. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. त्यानंतर आई ते पीठ घेत नाही. याच घरात वाढलो. तरी भरलं. मोबाइलवर कुणा परदेशी माणसाचे व्हिडिओ बघून यादी केली होती. त्याच्या घरात आई नव्हती.
विमल म्हणाली, आपण दोघं खाऊ की. खाऊ. पण हा खटाटोप आपल्यासाठी नव्हता.

१७ मे
जातं आलं. कोरेगावच्या बहिणीकडं अंगणात पडून होतं, वर तुळशीची कुंडी. दाजी गाडीत घालून घेऊन आले. आता पीठ नाही, गहूच ठेवायचे. लागेल तसं दळायचं. वि. आणि आईनं बसून दळून पाहिलं. वि.चे हात भरून आले. आईचे नाही.
बहीण फोनवर: चार महिने आईला इकडंच ठेव, आमच्या परड्यात आड आहे. आईला विचारलं. ती म्हणाली, बस्तीतल्या देवाला सोडून? विषय संपला.

२२ मे
पाण्याचं तिच्याशी बोलायचं राहिलंय.
ती अंगणातल्या आडाचंच पिते. स्वतः शेंदते. दुपदरी कापडानं गाळते. मग गाळणं उलटं धरून धुते आणि त्यातले जीव परत आडात. त्यासाठी छोटी कळशी, बुडाला कडी. वरून ओतायचं नाही, आपटून मरतात. कळशी पाण्याला टेकेपर्यंत सोडायची, मग दोराला हिसका. तिथंच उपडी होते. आवाजही होत नाही.
उकळलेलं पाणी चोवीस तास चालतं. पुढे नाही. पुन्हा उकळूनही नाही.
कॅन आडाच्याच पाण्यानं भरणार आहे. उकळून. वेळ पडली की घेईल.
घेईल.

५ जून
सुभेदारांची सूचना: आधी सराव करा. कागदावर सगळं ठीकच दिसतं. उद्यापासून तीन दिवस वर. जिन्याच्या दाराला कडी. जे वर नाही ते नाही.

६ जून
सकाळी दहाला कडी लावली. आईनं तिची घागर भरून, गाळून, उकळून वर आणली होती. वि. विळी वर आणायला विसरली. भाजी हातानं मोडली.

७ जून
दिवे टिकतात. शेगडीला जळण अंदाजापेक्षा कमी लागतं. संडासाची सोय बरी. आई म्हणाली, आज उपवास. तिथी पाहिली नाही मी.

८ जून
पार पडलं. संध्याकाळी कडी काढली. सुभेदार खालून सलाम ठोकून गेले. वहीत सुधारणांची यादी केली, सतरा गोष्टी. बऱ्याच दिवसांनी बरं वाटतंय.

९ जून
सकाळी आई आडापाशी बसली ती उठेना. ओठ पांढरे. वि.नं ओळखलं. काल आणि परवा पाण्याचा थेंब नाही. घागरीची मुदत सात तारखेला दहाला संपली. काल कडी काढली तेव्हा दिवस मावळलेला, मावळल्यावर ती पाणी घेत नाही. शेजारी दहा कॅन भरलेले. मी त्याच खोलीत, यादी करत.
डॉक्टर घरी येऊन गेले. रागावले, माझ्यावर.
आईला म्हटलं, जिना उघडायला का सांगितलं नाहीस?
"तू येवढं मांडल्यालं. मोडाय नको म्हटलं."

१० जून
कॅन झाडांना घातले.

१९ जून
गच्चीचं पाणी. पन्हळ धुऊन पाइप बसवला. पाऊस पडेल तितकं ताजं, रोज गाळायचं, रोज उकळायचं. साठवायला काही नकोच. इतकं सोपं. आईला दाखवलं. तिनं पाइप वरून खालपर्यंत पाहिला.
"आणि ह्यातलं जीव कुठं सोडू? आभाळात?"
मी हसलो. ती हसली नव्हती. जिथलं पाणी तिथंच परत, हे तिचं गणित. माझ्या पाइपला आड नाही.
म्हणाली, बघू.

१० जुलै
चातुर्मास लागला. या वर्षी वेशीचा नियम घेऊ नकोस, असं वि.कडून सुचवून पाहिलं. माझ्या तोंडून का नाही? शब्द मीच दिला म्हणून. आई बस्तीतून आली. नियम घेतला. चप्पल काढताना एकदा माझ्याकडं पाहिलं.

२३ जुलै
कोयनेतून पाणी सोडायला लागलेत. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी दर तासाला मोबाइलवर. वि. म्हणते, बघून कमी होणार आहे का. तरी बघतो.

२५ जुलै
पाणी खालच्या आळीत. सुभेदारांनी जनावरं वरच्या मळ्यात हलवली, घरची माणसं पाठवली, स्वतः गच्चीवर राहिलेत. बोटवाल्यांचा नंबर दिला. मी म्हटलं, लागणार नाही. ते म्हणाले, "लागू नये. पर खिशात ठेवा."
आईला म्हटलं, पाण्याचं काय ठरवलंस? खालच्या आळीकडं बघत ओठ हलवत होती, पाणी मोजत असेल. किंवा जप.

२६ जुलै
वर आलो. निघताना आईनं आडातून शेवटची घागर काढली. घोटाभर पाण्यात उभी राहून, कळशी खाली सोडून, हिसका देऊन. मी छत्री धरून होतो. वर येऊन उकळली. दहा वाजले.
तिनं स्वतःचं म्हणून वर एवढंच आणलं: गाळणं, कळशी, दोर.

२७ जुलै
आडाचा कठडा दिसत नाही. अंगणभर तांबडं पाणी, जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत. पाऊस सारखा.
दहाला घागरीची मुदत संपली. ती तशीच जात्यापाशी बसून राहिली. अकरा. साडेअकरा. मी खिशातला नंबर दोनदा काढला. दिलेला शब्द आणि तिचे ओठ.
बाराच्या सुमारास उठली. पातेलं गॅलरीत ठेवलं, पावसाखाली, वर गाळणं ताणून बांधलं. भरलं. मग गाळण्यातलं कळशीत उतरवून दोर गॅलरीच्या कठड्यावरून खाली सोडला. पुराच्या पाण्याला कळशी टेकली, हिसका, उपडी.
"आड आता अंगणभर झालाय. सोडलं तिथंच."
उकळून प्याली. दोन तांबे. वि. आत जाऊन रडली. मी वहीत वेळ लिहिली: साडेबारा.

२८ जुलै
पहाटे पाऊस थांबला. ऊन. गच्च्यांवर माणसं, एकमेकांना हाका. सुभेदार पलीकडून ओरडले, "उतरंल आता, सर. देवच पावला."
सहावी पायरी अजून पाण्यातच. उतरायला चार दिवस तरी. उतरलं तरी आड उपसायचा, ते वेगळं.
वरच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी, बोट मिळाली तर, आणून देतो म्हणालेत सुभेदार. कधी ते नाही सांगितलं. आणि शेंदणार दुसराच हात. चालेल का, आईला विचारलेलं नाही.
नंबर उशाशी. बोट येईल ती पाणी द्यायला की माणूस न्यायला?
मेढ्याच्या दिशेला, घाटाकडं, आभाळ काळं दिसतंय. इथं निळं.
दुपारचे बारा वाजून पाच. कालच्या पाण्याची पंचवीस मिनिटं राहिलीत. आईनं पातेलं पुन्हा गॅलरीत मांडलंय, कापड ताणून बांधलंय. हात फिरवून पाहिला.
कोरडं.